वत्सलाअक्कांनी वर्ग खाली आणला

अण्णा, अक्कांच्या घरची बाकीची माणसं, मंडळातले सगळे, नमस्कार. मला भाषण जमत नाही. त्यात आत्ता शाळेचं शोकपत्र वाचून दाखवलं गेलं. दुःख वाटलं नाही. खरं सांगते, किळस आली.

‘सर्वांना सामावून घेणाऱ्या आमच्या परंपरेचा आधारस्तंभ.’ आमच्या परंपरेचा!

मी इराची आई. इरा व्हीलचेअरवर असते. आम्ही पुण्याहून इथं मारतहळ्ळीला आलो तेव्हा याच शाळेनं तिला हसतमुखानं प्रवेश दिला. माहितीपत्रकावर तिचा फोटो छापला. आणि सहावीचा वर्ग दिला तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. प्रिन्सिपल म्हणाले, “ती खाली लायब्ररीत बसेल, आम्ही वर्कशीट पाठवू.” तीन आठवडे माझी मुलगी तिथं एकटी बसली.

वत्सलाअक्का गणित शिकवायच्या. एकदा त्या पुस्तक घ्यायला लायब्ररीत गेल्या. “एकटीच का गं?” इरा म्हणाली, “मी एकटी नाही, मी इन्क्लुडेड आहे. सर म्हणाले.”

दुसऱ्या दिवशी अक्का अख्खा वर्ग घेऊन खाली आल्या. “स्वल्प सरका रे,” असं कानडी मिसळून म्हणत सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि अपूर्णांक सुरू केले. प्रिन्सिपल धावत आले. “मॅडम, हे नियमात बसत नाही.” अक्का म्हणाल्या, “सरी, बरं. मुलं तर बसली ना?”

अक्कांना मेमो मिळाला. पालकांच्या ग्रुपवर एका आईनं लिहिलं, एका मुलीसाठी आमच्या मुलांनी का सोसायचं? त्याखाली अंगठे उमटत गेले. मी वाचत होते. मीही गप्प बसले. शाळा इराला काढून टाकेल, या भीतीनं. ती किळस माझी मला येते.

पण मुलं ऐकेनात. गणिताचा तास आला की दप्तरं उचलून खाली. शेवटी शाळेनं तळमजल्यावरची स्टाफरूम रिकामी केली आणि तिथं सहावी बसवली. काय लागलं हो त्याला? टेबलं वर गेली. एका दुपारचं काम. एवढ्यासाठी माझी मुलगी तीन आठवडे भिंतीकडे बघत बसली होती?

आणि अक्कांना पत्र दिलं, जूनपासून येऊ नका. त्या पत्रावर ज्यांची सही होती, त्यांचीच आजच्या शोकपत्रावर आहे. मी मघाशी मागून घेऊन पाहिली.

मी रडत अक्कांकडे गेले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तू गप्प बसलीस ते मला कळलं होतं. पुढच्या आईच्या वेळी बोल.” म्हणून आज बोलले.

आता सूत्रसंचालक सगळ्यांना उभं राहायला सांगतील. नका राहू. अक्का वर्गात आल्या की कुणीही उठायचं नाही, असा त्यांचा नियम होता. इराला उठता येत नाही म्हणून. ती इथं पहिल्या रांगेत आहे. तिच्यासारखेच बसून राहा, आणि दोन मिनिटं शांत व्हा.