वाताचंच असेल!

नाही, पण मला एक सांगा, छातीत दुखायला माणूस पुरुषच असावा लागतो का? आमच्या ह्यांचं बघा ना... सातपूरला कंपनीत आहेत, रविवारी मिसळीच्या दोन प्लेटा, वर पुन्हा पुन्हा रस्सा, आणि दुपारी ढेकर अडकला! झालं! अख्खी गल्ली गोळा, रिक्षा दारात, पंचवटीहून नणंदबाई, आमच्या पुतळाबाई, धावत आल्या, "अगं बाई, माझ्या दादाचं हृदय!" हृदय कसलं डोंबलाचं, गॅस होता गॅस!

आणि मी? तुम्हाला सांगते, आमवातानं बोटं वाकडी झालीत, सकाळी कपबशी धरवत नाही, तेही सोडा, पण जिना चढले की छाती आवळून यायची, घामाघूम व्हायचे, जबडा ठणकायचा... हे पेपरातून मान वर न काढता, "वाताचंच असेल!" पुतळाबाईंना सांगावं, तर "वहिनी, वात फिरतो हो अंगात, आज गुडघ्यात, उद्या छातीत! निर्गुडीचं तेल चोळा!" चोळलं! मी बावळट, चोळलं! घरभर वास, आणि छातीतली कळ जिथल्या तिथे. अहो, मी मेले असते ना, तरी तिरडी बांधता बांधता म्हणाले असते, वाताचंच असेल!

मग ह्यांच्या कंपनीची तपासणी आली, बायकोलाही आणा म्हणून. ह्यांचा रिपोर्ट चकाचक! एवढी मिसळ खाऊन चकाचक! माझी ईसीजीची पट्टी बघून मात्र डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. "काकू, आमवात आहे ना? त्याची सूज सांध्यांपुरती राहत नाही हो, हृदयाच्या रक्तवाहिन्याही खराब करते! कुणी सांगितलं नाही?" आणि हे शेजारून, छाती फुगवून, "बघ! मी कधीचा सांगतोय, वाताचंच आहे!"

दोन स्टेंट टाकले. आयसीयूत पडले होते, खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती हो... माझ्या लेकीचं, संजनाचं लग्न बघायला मिळतं की नाही, हेच डोक्यात. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण ह्यांच्या पाठीवर हात फिरवतोय, "केवढा धक्का बसला असेल तुम्हाला! जपा हो स्वतःला!" पुतळाबाईंनी डबा आणला, तोही दादासाठी!

शेवटी हे आत आले. खाटेजवळ वाकले. मला वाटलं, आता तरी डोळ्यांत पाणी येईल... तर कानाशी येऊन, "अगं, माझी पित्ताची गोळी कुठे ठेवलीस?"

तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि सांगितली जागा. काय करता, उद्या ह्यांना काही झालं तर धावायला माझ्याशिवाय आहे कोण?