पाडापाडी

—आवाजाचं बोलूच की, काका, मी कुठे नाही म्हणतेय — पण आधी त्या कार्यक्रमाचं ऐका, म्हणजे दर रविवारी तुमच्या डोक्यावर हे काय चालतं ते तरी कळेल. बसा ना. तर मला काय वाटलं होतं, की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असेल, लोक डोळे मिटून बसलेले असतील, मी माझी चांदीची बासरी ओठांना लावेन, आणि शेवटचा सूर संपल्यावर लोक क्षणभर टाळ्या वाजवायचंच विसरतील. आणि होतं काय? वाचनालयाच्या वरचा हॉल, कुरकुरणारे पंखे, पहिल्या रांगेत एक बाई फोनवर, ‘हो, बसलेय, होईलच सुरू, तू भात लावून ठेव’ — आणि निम्मा हॉल दाताच्या डॉक्टरणीचे पेशंट! ती आमच्यात डफली वाजवते ना, तिनेच पास वाटले होते. नाही कोण म्हणणार? पुढच्या आठवड्यात तिच्याच खुर्चीत तोंड उघडून बसायचंय. ते बिचारे कुठेही टाळ्या वाजवत होते. मी बासरी पुसली तरी टाळ्या.

वाजवत काय होतो म्हणता? शोरो. ब्राझीलचं संगीत. नावाचा अर्थ रडणं, आणि वाजतं असं की बसल्या जागी पाय ऐकत नाहीत — तुमचाही आत्ता हलत होता, मी बासरी ठेवून दार उघडलं तेव्हा. नव्हता? बरं, नव्हता. तर दीडशे वर्षांपूर्वी तिथले टपाल खात्यातले कारकून वगैरे संध्याकाळी कामावरून सुटले की कुणाच्या तरी घरी जमायचे, टेबलाभोवती गोल बसायचे, एक बासरी, एकदोन गिटार, आणि सुटायचे! आणि त्यात एक खोडी असायची. बासरीवाल्याने मध्येच अशी वाट बदलायची की गिटारवाला तोंडघशी पडला पाहिजे. याला ते पाडणंच म्हणतात. गिटारवाल्याने पडायचं नाही, पाठलाग करायचा. म्हणजे बघा, मी सहा वर्षं तिकडे परदेशात एवढी शिकले, इतके मोठमोठे गुरू केले, पण मला या एका गोष्टीने वेड लावलं. म्हटलं, हे आपल्या गावात न्यायचं. लोकांचे कान उघडायचे. हसू नका. मी तेव्हा असंच बोलायचे — कान उघडायचे, दारं उघडायची. मामा म्हणायचा, ‘भाचीबाई, आधी दुकान उघडायला मदत कर.’

मामा म्हणजे गिटारवाला. चष्म्याचं दुकान आहे त्याचं, चौकात — तुमचा चष्मा तिथलाच दिसतोय, दांडी बघा ना, दोन्हीकडे सारखी. हां, तोच. गिटार त्याची ऐकून ऐकून आलेली, कागद वाचता येत नाही. मी वाचायला शिकवलं. छळलं म्हणा. आणि — आई आत आहे, जरा हळू बोलते — खरं सांगायचं तर तो कार्यक्रम म्हणजे माझा निरोप होता. कुणाला माहीत नव्हतं. परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं मी. काय करणार? कान उघडायला आले, तर शिकायला येणारे तिघे, त्यातला एक दम्यासाठी. डॉक्टरांनी त्याला फुंकायचा व्यायाम सांगितलाय. दोघींच्या आया विचारतात, परीक्षा कधी, सर्टिफिकेट मिळतं ना? तिकडच्या वाद्यवृंदात मला जागा मिळत होती. दुसरी बासरी. पहिली नाही, दुसरी, पण जागा. म्हटलं, एक कार्यक्रम असा करू की लोकांच्या लक्षात राहील, त्याच रात्री जेवताना सगळ्यांना सांगून टाकू, आणि जाऊ. आईला या तिकिटाचं अजूनही माहीत नाही हं, काका. जिन्यात भेटली तर हवापाण्याचं बोला.

तर लक्षात राहायचं म्हणजे काही चुकायला नको. म्हणून मी काय केलं असेल? सांगायलाही लाज वाटते — मी ते पाडणंसुद्धा बसवलं. म्हणजे तालमीत! मामाच्या कागदावर लाल पेन्सिलीने खूण केली — इथे मी वाट बदलणार, इथे तू गडबडायचंस, डॉक्टरणीने ‘अरे!’ म्हणायचं, मग तू सावरायचंस, लोक हसतील. मामा कागदाकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. म्हणाला, ‘आणि मी पडलोच नाही तर?’ मी म्हटलं, ‘लिहिलंय ना तिथे, पडायचंय.’ डॉक्टरीण म्हणाली, ‘मला ते अरे जमत नाही, मी आई गं म्हणू का?’ आम्ही त्या ‘अरे’ची वेगळी तालीम घेतली, काका. मामीने बाहेरून विचारलं, काही लागलं का कुणाला?

कार्यक्रमात आधी मी भाषण केलं. तो पाडापाडीचा खेळ समजावून सांगितला. झालं! लोकांना तेवढंच समजलं आणि तेवढंच आवडलं. दोन गटच पडले. उजवीकडे मामाची गिऱ्हाइकं, डावीकडे पेशंट — डॉक्टरीण नक्की कुणाच्या बाजूने ते त्यांना कळेना, म्हणून ते जो वाजवेल त्याच्या बाजूने. तिसरी रचना आली, ती लाल खूण आली, मी वाट बदलली — घासून पुसून तयार केलेली वाट — आणि मामा पडलाच नाही. आलाच मागोमाग! वर स्वतःच एक वळण घेतलं आणि भलत्याच पट्टीत शिरला. आणि मी? माझ्या कागदावर पुढे मामाचं पडणं होतं आणि मग माझी दोन ओळींची तान. ती तान आता कशावरच बसेना. बासरी ओठाला, बोटं कळांवर, आणि नुसती हवा. फुस्स. डॉक्टरीण ठरल्याप्रमाणे ‘अरे!’ म्हणाली. आणि मागून कुणी तरी ओरडलं, ‘पडली! बासरी पडली!’ — असल्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या.

रडू येणार होतं. खरंच. पण मामा थांबला नव्हता ना. तो ते खालचं वळण पुन्हा घेत होता, पुन्हा घेत होता, चष्म्यावरून माझ्याकडे बघत, म्हणजे चढत्या माणसासाठी कुणी जिन्याचा दिवा लावून उभं राहतं तसा — मी तिकडे इतक्या लोकांबरोबर वाजवलं, माझी अशी वाट कुणी पाहिली नव्हती, तिथे पडलात की पडलात. मग मी काय केलं, तर लोकांकडे पाठ केली. माझ्या तिकडच्या बाईंना चक्कर आली असती! पाठ केली, मामाकडे वळले, आणि त्याच्या त्या वळणावर काही तरी वाजवलं. काय ते आठवत नाही. चांगलं नव्हतं. पण मामा हसला, आणि मी लगेच दुसरीकडे पळाले, तो मागे, डॉक्टरणीने खुर्ची ओढत आमच्यात आणली, आम्ही तिघं गोल, गुडघ्याला गुडघा, आणि मग नुसता धिंगाणा. मामाने मला आणखी पाडलं. मी त्याला एकदाच पाडला, पण असा पाडला, असा पाडला की त्याने गिटार मांडीवर ठेवून हात जोडले. ती भातवाली बाई उभी राहून ओरडत होती, ‘सोडू नको त्याला!’

रात्री जेवायला बसलो. आई, मामा-मामी, डॉक्टरीण. आता सांगायचं होतं. तोंड उघडलं. तेवढ्यात मामा डाळ वाढून घेत म्हणाला, ‘अगं, मी पडणारच होतो, पण बोटं ऐकेनात. पुढच्या वेळी तुला पहिल्याच रचनेत पाडतो.’ पुढच्या वेळी! त्याला वाटतच नव्हतं की पुढची वेळ नसू शकते. आणि मी तोंड उघडलेलंच होतं, तर त्यातून काय निघालं? ‘पाडून तर दाखव.’

झोप कुठली लागतेय. दुसरी बासरी म्हणजे वाईट नाही हो, काका, लोक जन्मभर त्या खुर्चीसाठी — असो. सकाळी दात घासता घासता मी ते तिकीट रद्द केलं, तोंडात फेस तसाच, आणि मामाला फोन लावला. म्हटलं, रविवारी गिटार घेऊन घरी ये, डॉक्टरणीला आण, कागद नको, दर रविवारी यायचं आणि मी जाते कुठे — मी इथेच आहे.

बेल वाजली, आले वाटतं. तुम्ही निघा आता, काका. आणि जाताना दार नीट ओढून घ्या हं — नाही तर खाली फार आवाज येतो.