राक्षसानं हात वर करायचे नसतात

...नाही, तुम्हीच सांगा, माणूस रबराच्या कातड्यात उकडून निघालाय, मागे ही एवढी शेपूट, तोंडात रानडुकराचे सुळे, सकाळपासून लघवीला जायची सोय नाही, आणि आमचा दिग्दर्शक, डंकन, कर्णा घेऊन ओरडतोय, "फेतू! राक्षस हात वर करत नाही! राक्षस अंगावर येतो!" अहो, पण मी करत होतो का? आपोआप जात होते वर! समोरून निळा गणवेश आला की हे दोन्ही, हे बघा, हे असे सुटतात!

आणि विनोदी मालिका आहे हो ती! न्यूझीलंडातलं आमचं सगळं पोरीरुआ गाव बघतं. दोन बावळट पोलीस गावभर भुतं-राक्षस धरत हिंडतात, दर वेळी चुकीचं दार ठोठावतात, म्हाताऱ्यांकडे चहा पीत बसतात, रक्तपिशाच्चालासुद्धा अदबीनं विचारतात, "साहेब, परवाना आहे का आपल्याकडे?" गोड हो, फार गोड! इतके गोड पोलीस मी उभ्या जन्मात... असो. मला कशाला घेतलं? आकारासाठी! आम्ही सामोआ बेटांवरची माणसं, रुंदी घेऊनच जन्माला येतो. डंकन म्हणाला, "वा, तुझ्यात कापूस भरायलाच नको!" सगळे हसले. मीही हसलो. विनोदी मालिका आहे ना!

प्रसंग काय, तर मी नाल्यातला राक्षस, बेकरीतले पाव पळवतो, मग दोघे पोलीस मला दंडुक्यांनी बडवतात, बडवता बडवता एकमेकांनाच हाणतात, एकाचा मिरचीचा फवारा त्याच्याच डोळ्यात जातो. दंडुके स्पंजचे! पोलीस झालेला टोबी तर असला मऊ पोरगा, फटका मारला की लगेच वाकून कानात, "काका, लागलं नाही ना? पाणी आणू?" आता या लेकरावर काय रागवायचं, सांगा! धप्प धप्प आवाज म्हणे मागाहून भरतात. भरोत बापडे... पण मला तो आधीच ऐकू येत होता, त्याचं काय करू?

कारण तो आवाज ओळखीचा आहे माझ्या. माझी बायको लुसिया, तिचा धाकटा भाऊ रोपाती. काही वर्षांपूर्वी एका रविवारी चर्चमधून आम्ही दोघं चालत घरी निघालो होतो, अंगात पांढरे सदरे, त्याच्या हातात नारळाच्या दुधातल्या गोड पावांचं ताट, आणि शेजारी पोलिसांची गाडी थांबली. त्यांना म्हणे एक उंच, जाडा, सावळा माणूस हवा होता. अहो, आमच्या गल्लीत दुसरं राहतं कोण? "हात वर!" मी केले. त्यानंही केले. हात वर केल्यावर ताट पडणारच की! ते खणकन आपटलं, पोलीस दचकले, आणि मग... तुम्हाला सांगतो, सगळं होईस्तोवर मी हात वर करूनच उभा होतो. माझ्यापर्यंत कुणी आलंच नाही. त्याच्यावरच दमले सगळे. रोपातीचा डावा कान गेला. चर्चच्या गाण्यात पहिल्या रांगेत असायचा, आता नुसते ओठ हलवतो. चौकशी झाली. गैरसमज ठरला!

तर इकडे डंकन चिडलेला, कितीदा घेतलं तरी माझे हात वरच. शेवटी पडद्यावर बघितलं, आणि टुणकन उडीच मारली की त्यानं! "अरे, हेच ठेवा! शरण आलेला राक्षस मार खातोय, हे तर जास्त हसवतंय!" ठेवलं. विनोदी मालिका आहे!

भाग लागला त्या संध्याकाळी अख्खं खटलं आमच्या घरात. सासूबाई, पोरंटोरं, चटईवर जेवणाचे ढीग. पडद्यावर मला धुताहेत आणि पोरं गडाबडा लोळताहेत, "मामा, अजून! अजून!" रोपाती टीव्हीकडे उजवा कान करून बसला होता. तो उठला नाही, रागावला नाही, हळूच मान फिरवली आणि डावा कान टीव्हीकडे केला. बस. संपल्यावर विचारलं, "दाजी, ते हात राक्षसाचे होते की तुमचे?"

"माझे रे."

"वाटलंच मला."

झोप येईल का हो? डोळा लागला की धप्प! सकाळी तडक लेखिकेकडे गेलो. फिलिपा तिचं नाव, भली बाई. सगळं सांगितलं, ताटासकट. ती रडली, माझा हात धरून म्हणाली, "फेतू, चुकलं आमचं. हे आम्ही नीट करू." आणि केलं हो, शब्दाला जागली! पुढच्या भागात ते दोघे पोलीस नाल्यावर येतात, केक घेऊन. टोबी टोपी काढून चिखलात उभा राहतो आणि म्हणतो, "तुम्ही हात वर केले होते. आम्ही मारायला नको होतं. माफ करा." खरे अश्रू बरं का, ग्लिसरीन नाही! मी कातड्याच्या आत ढसाढसा रडलो, सुळे निसटले. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, कुणी म्हणे काय ही माणुसकी, कुणी म्हणे काय हे धाडस!

घरात मात्र चिडीचूप. रोपातीनं विचारलं, "दाजी, माफी मागितली त्यांनी?"

"हो."

"पोलिसांनी?"

"...हो."

"टोपी काढून?"

"हो रे बाबा, टोपी काढून!"

उजवा कान माझ्याकडे वळवला. मग म्हणतो, अगदी साध्या आवाजात हो, थट्टा नाही की काही नाही, "विचारा ना त्यांना, अजून एखादा राक्षस लागतो का."

आता काय करू? विचारलं.

म्हणाले, लागतो की, मापं पाठवा!