कारखान्यात कार्ड चालत नाही

(मुलांनो, मनातल्या मनात माझ्याबरोबर पेणला चला. गणपतीच्या मूर्तींचा एक छोटा कारखाना. उद्या चतुर्थी, म्हणून फळ्या जवळजवळ रिकाम्या आहेत. रंगाचा वास तेवढा तसाच आहे. मूर्तींचे डोळे आखून आखून थकलेले महिपती आजोबा खुर्चीत बसलेत. पाचवीतली त्यांची नात सुरभी शेजारी आहे. समोर रोह्याहून मूर्ती न्यायला आलेले सुशील उभे आहेत, हातात क्रेडिट कार्ड. आता ऐका.)

सुशील : पण आजोबा, मशीन तर खणात दिसतंय.

महिपती : हाय ना. पडून हाय. घेऊन जा म्हणून बँकेला कितीदा सांगितलं. न्यायला कोण येत नाय, भाडं मात्र कापतात. आमची विक्री दोन महिन्यांची, मशीनचं भाडं बारा महिन्यांचं.

सुशील : बँक जे काही कापते, ते मी वर देतो. मग तर झालं?

महिपती : नाय झालं. तुम्ही मोबाइलवरून पाठवा की. ते बघा, भिंतीवर क्यूआर लावलाय.

सुशील : मोबाइल काल बादलीत पडला. घरी तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

सुरभी : तांदळात कशाला?

सुशील : सुकतो म्हणतात.

सुरभी : मग आजोबांच्या फोनवरून कोणाला तरी लावा. ते पाठवतील.

सुशील : घरी आई एकटी. तिचा फोन साधा. बाकी सगळ्यांचे नंबर तांदळात.

महिपती : एटीएम बघितलंत?

सुशील : दोन बघितली. एकात पैसे संपलेत, दुसरं बंद आहे. रात्रपाळी करून सरळ इकडे आलोय हो. झोपसुद्धा झालेली नाही. तुम्ही एवढे का अडून बसलाय, तेच कळत नाही.

सुरभी : सांगा ना आजोबा. मलापण नीट माहीत नाही.

महिपती : सांगतो. गेल्या साली मुंबईचा एक माणूस आला होता. असाच सभ्य. कार्डावर मूर्ती घेऊन गेला. विसर्जन झालं आणि मग त्यानं बँकेत तक्रार केली, की मूर्तीचा हात मोडका होता, दाखवली एक आणि दिली दुसरी. बँकेनं मला विचारलं, दिलेल्या मालाचा फोटो दाखवा.

सुशील : मग दाखवायचा.

महिपती : कुठला दाखवू? आमच्याकडे मूर्ती बाहेर पडते ती तोंड झाकून. घरच्या पाटावर बसल्यावरच कापड काढायचं. झाकलेल्या देवाचा फोटो कोण काढतो? मी लिहून पाठवलं, मूर्तीचं विसर्जन झालं, आता दाखवू कशी? ते म्हणाले, पुरावा नाय. सगळे पैसे माझ्या खात्यातून परत गेले.

सुरभी : पण हात खरंच मोडला होता?

महिपती : इथून निघताना नव्हता. पुढं रस्त्यात मोडला असेल. ते खड्डे तू बघितलेस ना?

सुशील : मी तसा माणूस नाही, आजोबा.

महिपती : दिसतंच आहे. त्याच्याकडे बघूनपण मला तसंच वाटलं होतं.

सुशील : मग आता मी काय करू? आई सकाळपासून पाट मांडून बसली असेल. बाबा गेल्यानंतरचा हा पहिला गणपती. ती म्हणाली होती, बसवू नको, यंदा नको. मीच हट्ट केला.

महिपती : मूर्ती न्या हो. मूर्ती मी अडवत नाय. पैसे परवा आणून द्या, मला चालेल.

सुशील : खरंच? मग एवढं...

महिपती : मला चालेल म्हटलं. तिकडं टेम्पोला दोरी बांधणारा माणूस बघा. कान्हू. पावसाळाभर माझ्याकडे राबला. इथला शेवटचा पैसा हातात घेऊन तो आज गावी जायचा आहे. बाकीचं सकाळी दिलं. तुमच्या मूर्तीचे साडेचार हजार त्याचे. कार्ड घासलं तर पैसे येणार सुट्टी संपल्यावर. गल्ल्यात त्याच्या गाडीभाड्यापुरतेच उरलेत.

सुरभी : गेल्या सालीपण तो कमी पैसे घेऊन गेला होता?

महिपती : व्हय. कार्डाचे पैसे तवर आलेच नव्हते. त्यानं तक्रार केली नाय. म्हणूनच जास्त लागलं.

सुशील : मला हे माहीत नव्हतं.

महिपती : तुम्हाला कसं माहीत असणार? गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा हेकट आहे.

सुरभी : आजोबा, मग नाक्यावरच्या त्या मोठ्या दुकानात कार्ड कसं घेतात? त्यांना भीती नाही वाटत?

महिपती : त्यांचा पसारा मोठा. चार दिवसांनी पैसे आले तरी त्यांचं अडत नाय. आपलं अडतं.

सुरभी : तिथे किराणा मिळतो. कपडेपण मिळतात.

महिपती : मिळतात. मग?

सुरभी : कान्हूकाका पैसे घेऊन बाजारच करणार ना? तो बाजार तिथे करायचा. आणि कार्ड या काकांनी द्यायचं.

सुशील : अरे, हो की. मी जातो त्यांच्याबरोबर. आणि सगळे संपले नाहीत तर उरलेले परवा रोख आणतो, तुमच्या हातात.

महिपती : थांबा, थांबा. मजुरी हातात द्यायची असते. तू अमुक दुकानात जा, तमुक घे, असं माणसाला सांगायचं नसतं. माझ्या बापानं कधी सांगितलं नाय.

सुरभी : सांगायचं नाही, आजोबा. विचारायचं.

महिपती : विचारायचं. हं.

सुशील : आजोबा, डोळे का पुसताय?

महिपती : डोळे दुखतात हो, दुसरं काय. जा सुरभी, तूच विचार. पण त्याला आधी सगळं सांग. पैसे का नाहीत, तेपण सांग. लपवू नको.

सुरभी : कान्हूकाका! जरा खाली उतरता? या रोह्याच्या काकांकडे रोख पैसे नाहीत, नुसतं कार्ड आहे. इथे कार्ड घेतलं तर तुमचे पैसे आज मिळणार नाहीत. पण नाक्यावर कार्ड चालतं. तुमचा बाजार तिथे केला तर चालेल का? नको वाटलं तर नाही म्हणा. आजोबा रागावणार नाहीत.

कान्हू : काय काय घ्यायचं त्यात?

सुरभी : तुम्हाला हवं ते. आम्ही नाही सांगणार.

कान्हू : गूळ, तेल, नारळ. आणि पोरीला फ्रॉक. पण गो, फ्रॉकातलं मला काय समजत नाय. गेल्या टायमाला नेला तो तिला घट्ट झाला.

सुरभी : केवढी आहे ती?

कान्हू : तुझ्या खांद्याएवढी.

सुरभी : मग मी येते. माझ्या अंगाला लावून बघू. थांबा, चपला घालते.