टोळांची मुदत

मी जन्मानंच किरिस्ताव. माहेर चिखलीकडचं, सासर या अमडापूरच्या बाजूले, दोन्हीकडं कापूसच. सासरे माहे चर्चचे पाळक नाईत, शेतकरीच, पन पवित्र शास्त्र त्याहिले तोंडपाठ, अन् घरात त्याहिचाच शब्द चालते. तेच नडलं, काय सांगू तुम्हाले.

बीटी कापसाले अळी लागत नाई म्हनत होते ना सारे? लागली. वरून बोंड चांगलं टनक, फोडलं का आत गुलाबी अळी. गावानं पऱ्हाट्या, म्हंजे कापसाची झाडं, उपटल्या, वावरात बकऱ्या सोडल्या. सासऱ्यानं शास्त्रातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरन, उघडलं. त्याच्यात खोल खड्ड्यातून टोळ निघतेत, पन देव त्याहिले पाचच महिने देते, पीडा द्या म्हनते, जीव घेऊ नका. सासरे म्हने या अळीलेही देवानं मुदत देली हाय, ते भरत आली, पऱ्हाटी उपटू नका, पानी द्या, फरदड घेऊ. फरदड म्हंजे त्याच उभ्या पऱ्हाटीचा मागून येनारा कापूस. धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, शेजारचे हनीफचाचा वरडून राह्यले, अवो बाई, उभ्या पऱ्हाटीतच ते अळी दडून बसते, काढा. मी घरधन्याले सांगतलं. ते म्हने बापाच्या शब्दाबाहेर कसा जाऊ.

पुढच्या साली फुलातूनच अळी. आमच्या वावरातून चाचाच्या वावरात गेली, तरी तो मानूस एका शब्दानं बोलला नाई. घरधनी मात्र बोलनंच इसरले. प्रार्थनेले येनं बंद, ताटात नुसता हात फिरवत बसनं. एक दिवस जेवता जेवता बापाले म्हने, बाबा, त्याच टोळांच्या वचनात लिवलं हाय, लोक मरन शोधतीन अन् त्याहिले भेटनार नाई. मंग आपल्याकडं काऊन भेटते?

मी तशीच उठली, फवारनीचं सारं औषध टोपल्यात घातलं अन् चाचाच्या घरी नेऊन ठेवलं. चाचीनं लगेच कुलूप लावलं. आता फवारा असला का मी आनते, पंप रिकामा होईपर्यंत धुऱ्यावर उभी राह्यते, उरलेलं वापस नेते. घरधनी चिडतेत, मी का लहान पोरगं हाओ म्हनते. चिडा म्हनलं, खुशाल चिडा.

सासरे अजूनही म्हनते, सुनबाई, दुखाले देवानं हद्द घातली हाय. असन ना, मीही मानते, रोज त्याच्यापुढंच गुडघे टेकते. पन ते हद्द कुठं हाय हे मले दिसत नाई, म्हनून डोळ्याले डोळा लागत नाई. प्रभू तुमच्या लेकराबाळाचं भलं करो, चहा तेवढा घेऊन जा. मले उठू द्या आता, घरधनी विहिरीकडं गेले त्याले लई वेळ झाला.