आधी पाणी, मग यूलचं लाकूड

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष डॉरीन पॅस्को, व्यासपीठावर बसलेले आपल्या शाळेचे मुख्याध्यापक लायल श्राइबर, सत्कारमूर्ती आणि माझी मैत्रीण मार्नी ट्रेवॅरो, आणि बँक्शिया फ्लॅटमधल्या ऋतूंचा जुना धर्म मानणाऱ्या, नवा धर्म मानणाऱ्या आणि नुसत्या लॅमिंग्टन केक खायला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी वेंडी, गावच्या अग्निशमन दलाची कॅप्टन. मला एक तर शिट्टी वाजवता येते, नाही तर ओरडता येतं. तरी मला भाषणाला उभं केलंत, तेव्हा आता भोगा. कालपासून आनंदानं माझ्या हातात काही टिकत नाहीये, घरचा चांगला कप फोडलाय. मार्नी, तू गाव सोडून चाललीस याचं दुःख आहेच गं, ते मी उद्या निवांत करीन. पण काल घरात एक गोष्ट घडलीय आणि ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

मार्नीच्या शनिवारच्या वर्गात पोरांना शिकवतात तरी काय, असं बाहेरचे लोक विचारतात. चेटूक शिकवतात का? अहो, कसलं चेटूक? डिंक, कात्री आणि गोष्टी. ऋतू बदलला की त्याचा सण, सणाची गोष्ट, आणि गोष्ट ऐकता ऐकता हातानं काहीतरी करायचं. कधी सूर्याचे मुखवटे, कधी गव्हाच्या काड्यांच्या बाहुल्या, कधी रंगवलेली अंडी.

पहिल्या वर्षी तर बाईंनी धमालच केली. तिच्या आजीच्या, तिकडे उत्तरेकडच्या देशातलं सगळं जसंच्या तसं इथे दक्षिणेला आणलं. हिवाळ्याचा सण यूल आपल्या ऐन उन्हाळ्यात, डिसेंबरात! बाहेर रस्त्याचं डांबर पातळ होतंय आणि आत पोरं झाडावर कापसाचा बर्फ चिकटवतायत. लायल, एकाच्या नाकात तो कापूस गेला, तो काढायला तुम्हीच धावला होतात ना? मग मार्नीनं सगळं पंचांगच उलटं केलं. यूल जूनमध्ये, अंडी सप्टेंबरात. तरी घोळ राहिलाच. वसंताच्या सणाला खांबाला बांधलेल्या रिबिनी धरून त्याच्याभोवती सूर्याच्या चालीनं फिरायचं, असं आजीनं सांगितलेलं. पण आजीकडचा सूर्य दक्षिणेकडून जातो आणि आपला उत्तरेकडून, म्हणजे चालच उलटी. निम्मी पोरं आजीच्या बाजूनं फिरली, निम्मी आपल्या बाजूनं. त्या रिबिनींची जी गाठ बसली, ती सोडवायला शेवटी आमच्या दलाची कात्री आणावी लागली.

हसताय ना? हसा. पण एक चूक अशी झाली की तिला कुणाला हसता आलं नाही.

यूलला आपण मोठं लाकूड सजवतो, मावळतीला पेटवतो आणि त्याचा अर्धवट जळलेला तुकडा जपून ठेवतो. पुढच्या वर्षीचं लाकूड त्यानंच पेटवायचं. मधलं वर्षभर तो तुकडा एका मुलाच्या घरी राहायचा. तो ज्या घरात, त्या घराची तो आगीपासून राखण करतो, अशी गोष्ट. त्या वर्षी पाळी माझ्या लेकीची, ब्रायनीची होती. सात वर्षांची होती ती. कपाटावर, मफलरमध्ये गुंडाळून ठेवला होता तिनं.

त्या उन्हाळ्यात वणवा आला. मी गाडी घेऊन डोंगराच्या पलीकडे, दुसऱ्यांची घरं वाचवत होते. आमचं घर गेलं. बाप-लेक बाहेर पडले, त्यापुढे घराचं काय घेऊन बसायचं? पण ब्रायनीनं वर्गाला जाणं बंद केलं. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्तीसुद्धा लावू देईना.

आम्ही तेव्हा कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या घरात राहत होतो. मार्नी आली आणि पायरीवर बसली. ब्रायनी तिला म्हणाली, "तू खोटं सांगितलंस. ते राखण करतं म्हणालीस. मी त्याला रोज गुड नाइट म्हणायचे."

असं बोलू नये, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर मार्नीनं हातानंच मला गप्प केलं. म्हणाली, "चुकलं गं माझं. आजीच्या गावात सदा पाऊस. तिथली गोष्ट मी तशीच उचलून तुला दिली. इथे ती चालत नाही."

"मग इथली गोष्ट कुठली?"

"मला नाही माहीत. तुला सुचली तर मला सांग."

पोरगी हळूच म्हणाली, "मी ते घरात ठेवलं म्हणून आग आली का?"

इतके दिवस ती हे मनात घेऊन झोपत होती. मार्नी म्हणाली, "नाही. कशानं आली ते आईला विचार, तिचं कामच आहे ते." मग मी सगळं सांगितलं. वारा कुठे फिरला, पन्हळीत साचलेल्या पानांत ठिणगी कशी पडली, आणि तिची खोली सगळ्यात शेवटी पेटली. तिनं नीट ऐकून घेतलं.

जून आला. लाकूड सजलं, आणि मार्नीनं जाहीर केलं की ब्रायनी म्हणेल तेव्हाच पेटेल, नाही म्हणाली तर नाही. डॉरीन, रागावू नका, पण तुम्हीच म्हणालात, "एका पोरीसाठी सूर्यानं थांबायचं का?" मार्नी म्हणाली, "थांबेल की. त्याला कुठे गाडी पकडायचीय?"

आम्ही सगळे कुडकुडत उभे. ब्रायनी उठली, टाकीच्या नळावर गेली आणि बादली भरून आणली. मग दुसरी. मग एकेका मुलाच्या हातात बादली देऊन सगळ्यांना लाकडाभोवती उभं केलं. आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "आई, तू पेटव. तुला विझवता येतं."

मी कॅप्टन, पण काडी ओढण्याआधी बादल्या दोनदा मोजल्या.

तेव्हापासून आपल्या गावात आधी पाणी, मग आग. आणि जळून उरलेला तुकडा कुणाच्याच घरात ठेवायचा नाही, हा ब्रायनीचाच नियम. तो आमच्या दलाच्या शेडमध्ये, पाण्याच्या पाइपांशेजारी असतो.

आता कालची गोष्ट. मार्नी माउंट गॅम्बियर शहरात बहिणीशेजारी राहायला चाललीय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काल ब्रायनी, आता पंधरा वर्षांची घोडी, शेडमधून तो तुकडा घेऊन आली आणि मफलरमध्ये गुंडाळायला बसली.

मी म्हटलं, "कुठे निघालं हे?"

"मार्नीच्या नव्या घरी."

"अगं, घरात ठेवायचा नाही हे तूच ठरवलंस ना?"

"राखण करतं म्हणून थोडंच देतेय," ती म्हणाली. "तिला तिथे आपलं कुणीतरी नको का?"

तेव्हाच तो कप माझ्या हातातून पडला.

चहा आणि खाणं करणाऱ्या सगळ्यांचे, सभागृह झाडणाऱ्यांचे आणि इतका वेळ मला सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात माझं काही चुकलं असेल तर पोटात घालू नका, तोंडावर सांगा. चुकलं म्हणायला मी मार्नीकडे शिकलेय.

मी बसते. ब्रायनी, ये वर. तुझ्या हातानं दे.