डाव्या पायाचं चित्र

थापा ओळखण्यात आमच्या घराचा हात धरणारं कुणी नाही, असं मी परवापर्यंत समजत होतो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, तरुणपणी इथे बंगळूरात फुटबॉल खेळायचे. त्यांची एक गोष्ट आम्हाला पाठ होती. मॅच संपल्यावर जपानचा कोच त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि त्यांचा डावा पाय वहीवर ठेवून पेन्सिलीने गिरवून घेतला. आम्ही हसायचो, ‘अण्णा, स्वल्प, थोडंसं कमी करा.’ एका दिवाळीला त्यांनी ती गोष्ट सांगणंच सोडलं.

परवा महादेवपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसात जपानहून तानाका नावाचा इंजिनियर आला. जेवताना म्हणाला, ‘जपानात फुटबॉल कुणी बघत नव्हतं, तेव्हापासून माझे आजोबा खेळायचे. पुढे देशाचे कोच झाले.’ मग मोबाइलवर त्यांच्या वहीचं पान दाखवलं. पेन्सिलीने गिरवलेला डावा पाय, करंगळी बाहेर वळलेली. खालची जपानी ओळ त्याने वाचली, ‘बंगळूरचा डावा पाय.’

ती करंगळी मी लहानपणापासून बघतोय.

संध्याकाळी फोटो घेऊन अण्णांकडे धावलो. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं आणि फोन परत दिला.

‘मला कशाला दाखवतोस? मी तिथे होतो.’